वय वाढतंय ते वाढू द्या, पण घड्याळ-कॅमेरे-ॲप यातलं नेमकं काय घ्यायचं?

गोदातीर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. वय ६८, सातपूरच्या कंपनीतून रिटायर, नाशिकला गंगापूर रोडवर दोघंच असतो, मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात. आधीच सांगून टाकतो, मला म्हातारं होण्याचा त्रास नाहीये. केस रंगवणं कधीच सोडलं, दुपारी बिनधास्त झोपतो, लग्नात पहिल्या पंगतीला बसवतात, रांगेत कोणीतरी "पुढे व्हा काका" म्हणतं, हे सगळं मला आवडतं. तक्रार वेगळीच आहे. दिवाळीला मुलाने दोघांना स्मार्ट घड्याळं दिली आणि तेव्हापासून घरातलं बोलणंच बदललं. सकाळी चहाच्या आधी बायको विचारते, तुमची झोप किती दाखवतंय? मला चांगली ढाराढूर झोप लागलेली असते पण घड्याळ म्हणतं झोपेचे गुण शंभरात ६१, मग दिवसभर मलाच वाटत राहतं की आज जरा गळून गेल्यासारखं होतंय. मुलगा तिकडून बघतो की बाबा आज चालले नाहीत, लगेच फोन. अरे बाबा पाऊस होता!

आता तो हॉलमध्ये कॅमेरा बसवायचा म्हणतोय. माझा तंत्रज्ञानाला विरोध नाही, अर्धं आयुष्य सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनसमोर गेलंय. पण कशाने आपलं हिंडणं-फिरणं वाढतं आणि कशाने नुसती धास्ती वाढते, हे प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी सांगा. जाहिराती नकोत, फॉरवर्ड तर नकोतच.

मेघा_इंदिरानगर

काका, घड्याळाच्या आधी बाथरूम बघा. खरंच. आमच्याकडे सासूबाईंना घड्याळ, पाण्याची आठवण करून देणारं ॲप, सगळं होतं आणि बाथरूममध्ये धरायला होता टॉवेलचा रॉड, जो दोन स्क्रूवर लटकलेला! तो माणसाचं वजन घ्यायला बनवलेलाच नसतो. मग प्लंबरला बोलावून कमोडशेजारी आणि शॉवरखाली स्टीलचे ग्रॅब बार भिंतीत लांब अँकर टाकून बसवून घेतले. टाइल्सला चिकटणारे व्हॅक्यूमवाले मिळतात ते अजिबात घेऊ नका, ओल्या टाइलवरून कधी सुटतील नेम नाही. आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत सेन्सरचे छोटे दिवे लावले, पाय खाली टाकला की आपोआप लागतात. चार्जिंगचे असतात, वायरिंगची भानगड नाही. रात्री अंधारात बटण चाचपडत जाणं बंद झालं, आणि त्यात कोणाला डेटा जात नाही की कोणाचा फोन येत नाही.

पायपुसणी पण उचला. गोधडीच्या तुकड्यांची ती सुंदर पायपुसणी आईंनी स्वतः शिवलेली होती त्यामुळे उचलताना महाभारत झालं, पण उचलली.

सडेतोड_सिडको

सगळी थेरं आहेत ही. आमचे आजोबा रोज पहाटे पंचवटीतून गंगेवर (म्हणजे आपल्या गोदावरीवर) अंघोळीला जायचे, थंडी असो पाऊस असो, ८८ वर्षं जगले, हातात घड्याळच नव्हतं तर स्मार्ट कुठून येणार. आजकाल माणूस चालत नाही आणि चाललेलं मोजतो. म्हातारपण हे काय प्रोजेक्ट आहे का मॅनेज करायला? खा प्या गप पडा.

फिजिओ_स

सडेतोडदादा, आजोबांचं रोजचं गंगेवर जाणं-येणं, घाटाच्या पायऱ्या चढणं-उतरणं, ओल्या दगडावर तोल सांभाळणं, हाच तर व्यायाम होता हो. आपण लिफ्टने उतरून गाडीत बसतो म्हणून वेगळा करावा लागतो.

गोदातीर काका, दहा हजार पावलांचं मनातून काढून टाका आधी. तो आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही, १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं त्याच्या नावातच तो होता आणि तिथून जगभर चिकटला. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वयाच्या हजारो बायकांचा अभ्यास छापून आला, त्यात दिवसाला साधारण ४४०० पावलं चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण २७०० चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी दिसलं आणि ७५०० च्या आसपास पुढे फायदा वाढायचा थांबला. म्हणजे जे अगदी घरात बसून आहेत त्यांनी थोडं वाढवलं तरी खूप, आणि जे ८००० करतात त्यांनी रात्री हॉलमध्ये येरझाऱ्या घालून दहा पूर्ण करायची काही गरज नाही. (असे पेशंट आहेत माझ्याकडे, हसू नका. आणि त्या अभ्यासावरून चालण्यानेच आयुष्य वाढलं असं शंभर टक्के म्हणता येत नाही, धडधाकट माणूस मुळात जास्त चालतो.)

पण घड्याळ जे मोजत नाही ते जास्त महत्त्वाचं आहे. पायातली ताकद आणि तोल. हात न टेकवता खुर्चीतून उठता येतं का? ओट्याला एक हात धरून एका पायावर उभं राहता येतं का? जागतिक आरोग्य संघटना पासष्टीच्या पुढे आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम तर सांगतेच, वर आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम पण सांगते. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओटा धरून टाचा वर-खाली करा, खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा. ज्यांना आधीच चक्कर किंवा गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी मात्र कोणाला तरी दाखवून मगच.

प्रेसवाला_नाशिकरोड

मी एकाच गोष्टीचं कौतुक करायला आलोय, हयातीचा दाखला. आम्ही नोट प्रेसमधले पेन्शनर. दर नोव्हेंबरला जिवंत आहोत हे सिद्ध करायला बँकेत जायचं, तिथे ही रांग, त्यात आमची बोटं! शाई, सॉल्व्हंट यात उभं आयुष्य गेलं त्यात वयाने बोटांच्या रेषा झिजतातच, त्या मशीनवर अंगठा उमटायचाच नाही. काउंटरवरची मुलगी म्हणायची काका हात पुसा, काका जोरात दाबा, काका दुसरं बोट. मागे रांगेतले लोक बघतायत आणि आपण असे उभे जसे काही खोटी पेन्शन घ्यायला आलोय. अपमान वाटायचा हो, खोटं नाही सांगत.

जीवन प्रमाण, म्हणजे हा दाखला ऑनलाइन द्यायची सरकारी सोय, तसं २०१४ पासून आहे पण तेव्हा बोट किंवा डोळा लागायचा, नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहऱ्याने करायची सोय आली आणि आमचं भलं झालं. मोबाइलवर दोन ॲप टाकायची, एक जीवन प्रमाण आणि दुसरं आधारचं फेस आरडी. दुसरं उघडल्यावर स्क्रीनवर काहीच दिसत नाही म्हणून लोक ते डिलीट करतात, करू नका, ते मागून काम करतं. आधार, पीपीओ (पेन्शन ऑर्डरचा) नंबर, बँक खातं जवळ ठेवा. मग फोन डोळ्यासमोर सरळ धरायचा, चष्मा काढायचा, पाठीमागे खिडकी नको उजेड तोंडावर पाहिजे, आणि पापणी मिटायला सांगतं तेव्हा एकदा मिटायची. लोक काय करतात, टकामका बघत राहतात नाहीतर सारखी मिटमिट करतात. झालं की प्रमाण आयडीचा मेसेज येतो. एकाच फोनवरून कितीही जणांचं करता येतं, आमच्या बिल्डिंगमध्ये गेल्या वेळी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून सगळ्यांचे दाखले उरकले, चहा-भजी वर. केंद्राच्या पेन्शनरना ८० पूर्ण असतील तर १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, गर्दीची वाट बघू नका. ज्यांना फोन जमत नाही त्यांच्याकडे पोस्टमन घरी येऊनही करून देतो, थोडे पैसे पडतात.

गोदातीर

प्रेसवाले साहेब, हे भारी. हे मला पाहिजे होतं, ज्याने एक हेलपाटा वाचला आणि अपमान वाचला. फिजिओताई, ओट्याजवळचा व्यायाम सुरू केला तर सौ. म्हणतात नुसते टाचा वर करू नका, कोथिंबीर पण निवडा.

निवृत्त_सिस्टर

सिव्हिलला नोकरी झाली माझी. दोन गोष्टी बोलते. झोपेचा आकडा मनावर घेऊ नका, घड्याळ हाताची हालचाल आणि नाडी यावरून अंदाज बांधतं, झोपेच्या खऱ्या पायऱ्या मेंदूच्या लहरी मोजल्याशिवाय कळत नाहीत. ताजंतवानं वाटतंय ना, मग झाली झोप.

दुसरं, ईसीजीवालं घड्याळ असेल तर नीट समजून घ्या. त्यात एकाच बाजूचा ईसीजी निघतो, ठोके अनियमित पडतायत हे त्यात सापडू शकतं आणि ते उपयोगीच आहे, पण हार्ट अटॅक त्यात ओळखता येत नाही. छातीत दाब, घाम, डावा हात किंवा जबडा दुखतोय आणि घड्याळ सगळं ठीक म्हणतंय म्हणून घरी बसाल तर पंचाईत होईल. सरळ १०८ ला फोन.

त्यापेक्षा दंडावर पट्टा बांधायचं बीपी मशीन घ्या, मनगटावालं नको. आणि मोजायची पद्धत! आमच्या शेजारचे भाऊ जिना चढून येतात, बसतात न बसतात तोच पट्टा बांधतात, मोजताना बायकोला ओरडतात टीव्ही बारीक कर म्हणून, आणि मग म्हणतात वाढलंय. अहो वाढणारच. आधी लघवीला जाऊन या, अर्धा तास आधी चहा नको, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीला टेकलेले, मांडीवर मांडी नको, हात टेबलावर छातीच्या उंचीला. मिनिटभराने दुसऱ्यांदा घ्या, दोन्ही आकडे वहीत लिहा आणि डॉक्टरकडे जाताना वही न्या. दिवसात दहादा मोजायचं नाही.

निलेश_हिंजवडी

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण मी तो पुण्यात बसून फोन करणारा मुलगा आहे (गोदातीर काकांचा नाही, घाबरू नका). आई-पप्पा नाशिकला, पप्पांना शुगर. मीटिंगमध्ये असताना आईने दोनदा फोन उचलला नाही की माझ्या डोक्यात काय काय येतं ते मलाच माहिती, नाशिक फाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो तर पोचायलाच पाच-सहा तास. तुम्हाला वाटतं आम्ही पाळत ठेवतो. आम्हाला दुसरं काही करता येत नाही म्हणून आकडे बघतो. पप्पांच्या दंडाला शुगरचा सेन्सर लावला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं की रात्री शुगर खाली जातेय, डॉक्टरांनी गोळी बदलली. आता हे वाईट कसं म्हणायचं?

एकटी_पण_मस्त

नमस्कार मी हे बोलून लिहिते आहे बोटं दुखतात संधिवात आहे म्हणून माइकचं बटण दाबलं की मराठी उमटतं फक्त पूर्णविराम येत नाही तो तुम्ही आपला मनाने टाका माझं वय ७६ पंचवटीत राहते मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली मुलगी ठाण्याला आहे ती म्हणते इकडे ये मी म्हणते मी तिथे येऊन गॅलरीत बसून काय करू इथे माझं भजनी मंडळ आहे भाजीवाली ओळखीची आहे आता तंत्रज्ञान म्हणाल तर मला सगळ्यात आवडलेलं तंत्रज्ञान म्हणजे वणीच्या गडावरची ट्रॉली आधी जवळजवळ पाचशे पायऱ्या होत्या गुडघे गेले तसं देवीचं दर्शन सुटलं होतं खालूनच हात जोडायचे २०१८ मध्ये ती ट्रॉली सुरू झाली रुळावरून वर जाते आणि माझं दर्शन परत सुरू झालं आणि पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट आहे आधार कार्ड दाखवायचं त्यामुळे आम्ही तिघी मैत्रिणी सीबीएस स्टँडवरून निघतो डबा घेऊन आणि संध्याकाळी परत मुलीने फोनमध्ये मी कुठे आहे ते तिला दिसेल असं करून ठेवलं आहे मला विचारून केलं आहे म्हणून मला त्याचं काही वाटत नाही पण तिला सांगितलंय की मी घाटात असले की रेंज जाते तेव्हा ठाण्यात बसून रडायचं नाही

कानसेन_कॉलेजरोड

आजी, दंडवत. पूर्णविरामाशिवाय इतकं वाचनीय कोणीच लिहिलं नाही या धाग्यावर.

मी श्रवणयंत्राबद्दल लिहितो कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही. चष्मा लागला की आपण गावभर सांगतो आणि कानात मशीन म्हटलं की लाज. मी शाळेत शिकवायचो, रिटायर झाल्यावर हळूहळू लोकांत जाणं कमी केलं, मे महिन्यात गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेला वर्षानुवर्षं जायचो ते बंद केलं, घरच्यांना सांगितलं हल्लीचे वक्ते बरोबर नसतात. वक्ते ठीकच होते, मला त्यांचे शब्द तुटक यायचे. आवाज येतो पण शब्द लागत नाहीत, स आणि श, प आणि त यात गल्लत, हे वयाच्या बहिरेपणाचं पहिलं लक्षण, कारण वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. टीव्हीचा आवाज वाढवून ते सुधरत नाही, नुसता गोंगाट वाढतो.

२०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी छापून आली, ७० ते ८४ वयाच्या जवळपास हजार लोकांची. सगळ्यांचा मिळून विचार केला तर तीन वर्षांत बुद्धीच्या घसरणीत फारसा फरक दिसला नाही, पण ज्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका मुळात जास्त होता त्यांच्यात श्रवणयंत्र आणि समुपदेशन मिळालेल्यांची घसरण ४८ टक्क्यांनी मंद होती. हे मुद्दाम दोन्ही सांगतोय कारण दुकानदार दुसरं वाक्यच सांगतात.

आता अनुभव. पहिले काही आठवडे भयंकर. पोळी तव्यावर टाकल्याचा आवाज, प्लास्टिकच्या पिशवीची चुरचुर, स्वतःचंच चावणं, सगळं अंगावर येतं, कारण मेंदूला हे आवाज विसरायला झालेले असतात. बहुतेक लोक इथेच मशीन काढून ड्रॉवरमध्ये टाकतात आणि मग ते पन्नास हजार ड्रॉवरमध्येच राहतात. रोज थोडा थोडा वेळ घालायचं, आधी घरात एका माणसाशी बोलताना, मग बाहेर. दोन्ही कान गेले असतील तर दोन्हीकडे लागतं. घेण्याआधी ट्रायल मागा, आणि नंतर दोन-तीनदा जाऊन सेटिंग करून घ्यायचा कंटाळा करू नका, कारण पैसे यंत्रापेक्षा त्या सेटिंगचे असतात असं माझं मत झालंय. मिसळच्या हॉटेलात रविवारी सकाळी अजूनही काही ऐकू येत नाही, पण तिथे तरुणांनाही येत नाही.

मशीन नको असेल त्यांनी फोनवर लाइव्ह ट्रान्स्क्राइब टाकून बघा, समोरचा बोलतो ते स्क्रीनवर अक्षरात उमटतं, मराठीतसुद्धा. डॉक्टरकडे गेल्यावर फार कामाला येतं.

सडेतोड_सिडको

आमच्या घरात सगळे पुटपुटतात आजकाल. मोबाइल बघून बघून लोकांची बोलायची सवयच गेली आहे, त्याला कानाचं मशीन काय करणार.

बँकवाला_निवृत्त

विषयांतर वाटेल पण नाही. फोन हातात आला की चोरही हातात आला, आणि चोरांना आपल्या वयाचीच माणसं लागतात कारण एफडी आपल्याकडे असते. डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार आपल्या कायद्यात नाहीच. पोलीस, सीबीआय, कोणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि पैसे "तपासणीसाठी" मागत नाही. असा फोन आला की ठेवून द्या, उद्धटपणा होईल म्हणून बोलत राहू नका, आपल्या पिढीचा सभ्यपणाच नडतो तिथे. पैसे गेलेच तर तासाभरात १९३० ला फोन करा, जितक्या लवकर तितकी रक्कम मध्येच गोठवता येण्याची शक्यता जास्त. मुलं काय म्हणतील या विचारात दोन दिवस घालवू नका.

माझी व्यवस्था सांगतो. पेन्शन आणि एफडीचं खातं यूपीआयला जोडलेलंच नाही. वेगळं छोटं खातं आहे, त्यात महिन्याला भाजीपाला-रिक्षापुरते पैसे टाकतो आणि क्यूआर कोड त्याच्यावर. गेले तर तेवढेच जातील. २०२४ पासून यूपीआय सर्कल पण आलंय, म्हणजे दुकानात स्कॅन आपण करायचं आणि पैसे मुलाच्या खात्यातून, त्याने मर्यादा ठरवून द्यायची किंवा दर वेळी हो म्हणायचं. सोय चांगली आहे, पण पाव किलो जिलबी घेतली की मुलाला मेसेज जाणार, बघा बुवा परवडतंय का.

मेघा_इंदिरानगर

जिलबी +१११

निलेश, तुझं पटलं पण एक विचारू? तू पप्पांना फोन केल्यावर पहिलं वाक्य काय असतं? आमच्या नणंदेचं "शुगर किती" असायचं. आई मग फोन आला की आधी मशीन शोधायच्या. आम्ही ठरवलं की आकडे बघायचे असतील तर बघा पण त्यावर बोलायचं आठवड्यातून एकदाच, बाकी दिवस बोलायचं ते भाचीचं लग्न, पाणी आलं का, मालिकेत काय झालं.

निलेश_हिंजवडी

हं. माझंही तेच असतं, "शुगर किती होती".

गोदातीर

निलेश, तू वाईट वाटून घेऊ नको रे, तू लिहिलंस ते वाचून मी काल मुलाला स्वतःहून फोन केला. कॅमेऱ्याला नाही म्हणालो, सरळ सांगितलं की आपल्या घरात बनियनवर फिरायचं स्वातंत्र्य मला मरेपर्यंत पाहिजे. त्याऐवजी असं ठरलं की घराची एक किल्ली समोरच्या फ्लॅटमध्ये राहील, सकाळी नऊच्या आत मी ग्रुपवर काहीतरी टाकणार, नाही टाकलं तर तो आधी मला, मग आईला, मग समोरच्यांना फोन करणार, आणि पावलांवरून फोन करायचा नाही. घड्याळातलं पडल्यावर आपोआप फोन लावणारं फीचर चालू ठेवलंय, सौं.च्या घड्याळात पण. मात्र एकदा कणीक तिंबताना ते वाजलं! झोपेचा स्कोअर दोघांच्याही घड्याळात बंद करून टाकला. तो बंद करायचा पर्याय सापडायला मात्र मला सीएनसीचा प्रोग्राम लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

ग्रॅब बारवाला शनिवारी येतोय.

फिजिओ_स

उत्तम. बार बसवताना काकूंना शेजारी उभं करा आणि त्यांचा हात जिथे सहज पोचतो तिथे खूण करा. प्लंबर स्वतःच्या उंचीने लावतो.

सडेतोड_सिडको

कानसेन सर, ती कानाची तपासणी करतात त्याला किती वेळ लागतो? बायको विचारतेय.

कानसेन_कॉलेजरोड

अर्धा तास. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून मळ आहे का बघून घ्या, कधीकधी तेवढ्यानेच काम होतं. मग आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं, त्याचा आलेख काढून देतात. तो आलेख तुमचा, मागून घ्या, मशीन दुसरीकडे घ्यायचं असेल तर लागतो. वहिनींना बरोबर न्या, तुम्हाला कुठले शब्द ऐकू येत नाहीत ते त्यांना जास्त माहिती असतं.

सडेतोड_सिडको

तिला सांगू नका हे. बरं, सकाळी जावं की संध्याकाळी?